गोठलेलं खातं आणि अकरा जोड कोल्हापुरी

ओटीपी कुणाला सांगायचा नाही, अनोळखी लिंक उघडायची नाही, पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाईल फोनमध्ये घ्यायची नाही. आमच्या घरात हे पोरांपासून आत्याबाईंपर्यंत सगळ्यांना पाठ आहे आणि सगळे ते पाळतातही. तरी दिवाळीच्या तोंडावर आमच्या दुकानाचं बँक खातं गोठलं. ते कुणी गोठवलं, का गोठवलं आणि सोडवायचं कसं, हे कळेकळेपर्यंत तुळशीची लग्नं उरकली. ज्याचे पैसे गेले त्याने काय करायचं हे सगळीकडे सांगितलेलं असतं. ज्याच्या खात्यात चोरीचा पैसा न कळत येऊन पडला त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहितेय.

आमचं कोल्हापुरात चपलांचं दुकान आहे. गल्ल्यावर मामा, म्हणजे माझे सासरे बसतात. सुभाषनगर आणि जवाहरनगरातले कारागीर माल करून देतात. ऑनलाईन ऑर्डरी, बिलं आणि कुरिअर माझ्याकडे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मामांनी अख्ख्या लाईनीत पेढे वाटले होते, पण गिऱ्हाईक काही त्यानं वाढलं नाही. वाढलं ते २०२५ च्या जूनमध्ये. प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये आपल्यासारख्याच चपला दाखवल्या, त्यावरून देशभर गलका झाला आणि आम्हाला इन्स्टाग्रामवर कुठून कुठून विचारणा यायला लागल्या. त्यातलीच एक ऑर्डर हैदराबादची: लग्नासाठी अकरा जोड, बहुतेक कापशी घाटाच्या कोल्हापुरी, दोन जोड लहान मुलांचे. मापं आली, दर ठरला, कुरिअर धरून १८,४०० रुपये यूपीआयने जमा झाले. मी बिल पाठवलं, माल पोचला, तिकडून अंगठा आला. आमच्या लेखी विषय संपला.

आमच्याकडे कारागिरांचा हिशेब शनिवारी होतो. त्या शनिवारी पहिलाच व्यवहार फेल गेला. सर्व्हर डाऊन असेल म्हणून चहा घेतला, पुन्हा केला, पुन्हा फेल. नेटबँकिंग उघडलं तर शिल्लक दोन लाख सत्तर हजारांच्या आसपास आणि त्याच्याखाली ‘उपलब्ध शिल्लक’ शून्य. दुकानात गिऱ्हाईकांची गर्दी होती, काउंटरवरचा बोलका डबा दर थोड्या वेळाने ‘बाराशे पन्नास रुपये प्राप्त झाले’ असं ओरडत होता आणि त्यातला एक रुपया आम्हाला काढता येत नव्हता. मामा डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, “पैसं तर यायला लागल्यात की. मग जायना का झाल्यात?” याला डेबिट फ्रीझ म्हणतात हे मला नंतर कळलं. आत येणारी वाट उघडी, बाहेर जाणारी बंद. पहिलं काम मी केलं ते तो क्यूआर कोड झाकायचं. त्याच्या जागी ह्यांच्या दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा लावला, नाहीतर दिवाळीचा सगळा धंदा त्याच हौदात जाऊन बसला असता.

सोमवारी बँकेत गेले. साहेबांनी स्क्रीनवर पाहिलं आणि ‘सायबरचा होल्ड आहे, आमच्या हातात काही नाही’ एवढं सांगून पुढच्या माणसाला बोलावलं. खातं बंद करण्याआधी सोडा, बंद केल्यावरसुद्धा साधा एसएमएस आला नव्हता. मी तिथून हलले नाही. शिव्या देऊन काही होत नसतं, पण खुर्ची अडवून बसलं की होतं. शेवटी एका मुलीने आतून माहिती काढून कागदावर लिहून दिली आणि पुढची सगळी लढाई त्या एका कागदावर झाली. त्यात चार गोष्टी होत्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरच्या तक्रारीचा पोचपावती क्रमांक, ज्या व्यवहारावर संशय आहे त्याचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक आणि रक्कम, कुठल्या राज्यातल्या कुठल्या पोलीस ठाण्याची तक्रार, आणि तिथल्या तपास अधिकाऱ्याचा ईमेल. हे चार नसतील तर तुम्ही कुणाशी भांडताय तेच कळत नाही. बँक तोंडी सांगून वाटेला लावायला बघते, तर लेखी अर्ज द्यायचा आणि त्याच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यायचा.

संदर्भ क्रमांक माझ्या वहीशी ताडून पाहिला. अकरा जोडांचेच पैसे. तक्रार तेलंगणातल्या एका पोलीस ठाण्याची होती. संशयित रक्कम १८,४०० आणि अडकवून ठेवले होते पावणेतीन लाख. यात बँकेच्या भाषेतला एक फरक समजून घ्यायला हवा. तेवढ्याच रकमेवर टाच आणली तर तिला लीन म्हणतात, बाकीचं खातं चालू राहतं. आमचं सगळंच खातं बंद केलं होतं. मी विचारलं, ‘नुसत्या अठरा हजारांवर लीन ठेवा ना.’ उत्तर आलं, ‘पोलिसांकडून तसं पत्र आणा.’

घरी सांगितल्यावर मामांनी जेवण बाजूला सारलं. “आपण कुणाचा रुपाया तरी बुडवलाय का गं आजपातूर? पोलीस कशाला आलं मधी?” त्यांचा धंदा सगळा शब्दावर चाललेला. शनिवारी कारागिरांना ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणायची पाळी आली हेच त्यांना जास्त लागलं होतं. सण तोंडावर असताना कारागिराला थांबवणं म्हणजे काय, हे या धंद्यातल्या माणसालाच कळेल. गल्ल्यातली रोकड, ह्यांच्या पगारातलं थोडं आणि आत्याबाईंच्या भिशीचे पैसे असं करून हिशेब भागवले.

मग मी इथल्या सायबर पोलीस ठाण्यात गेले. तक्रार दुसऱ्या राज्यातली, त्यामुळे खातं ते खुलं करू शकणार नव्हते, पण तिथल्या हवालदारांनी जे समजावून सांगितलं ते मला बँकेत कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्याच अर्जाच्या झेरॉक्सवर मागे पेनानं चौकोन काढायला सुरुवात केली. ज्याची फसवणूक झाली त्याच्या खात्यातून पैसे पहिल्या चौकोनात. तिथून काही मिनिटांत पाच-सहा चौकोनांत. त्यातून पुढे आणखी. “ह्याला आम्ही लेअर म्हणतो. उसाला पाणी देताना बघितलंय न्हवं? पाटातनं सरीत, सरीतनं फुडच्या सरीत. मोटर कुणी चालू केली ते शेवटच्या सरीला काय म्हाईत? तुमचं खातं चौथ्या सरीत हाय.”

पहिल्या-दुसऱ्या लेअरची खाती बहुतेक भाड्याची असतात. कॉलेजची पोरं, नोकरी सुटलेला एखादा, कुणीही. ‘तुझं खातं, एटीएम कार्ड आणि सिम दे, व्यवहारामागे कमिशन घे’ असं सांगतात. गुन्हा उघडकीला येतो तेव्हा पोलीस पहिल्यांदा त्या पोराच्या दारात उभे राहतात, टोळीवाला कुठल्या कुठे असतो. हवालदार म्हणाले, अशी खाती आपल्याकडच्या पोरांनीही दिलेली सापडतात आणि बहुतेकांना आपण गुन्ह्यात आहोत हेच माहीत नसतं. खरं सांगायचं तर ‘ओटीपी देऊ नका’ एवढ्याच जोरात ‘खातं भाड्यानं देऊ नका’ हे कॉलेजांत सांगायला हवं. पुढच्या लेअरमध्ये पैशाचं रूप बदलतं. कुणी एटीएममधून काढतं, कुणी क्रिप्टो घेतं, कुणी सोनं, मोबाईल, गिफ्ट कार्ड. आणि कुणी लग्नाच्या चपला. पैसा दुकानदाराकडे आला की चोराच्या दृष्टीने तो धुऊन निघाला.

आमच्या व्यवहारातला पैसा मूळ कुणाचा, ते पुढे तपास अधिकाऱ्याशी बोलताना कळलं. एका निवृत्त शिक्षिकेचा. तिला शेअर बाजाराच्या नावाने एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतलं होतं, खोट्या अ‍ॅपवर रोज वाढणारा नफा दाखवला होता, आणि काढायला गेली तेव्हा ‘आधी कर भरा’ म्हणून आणखी उकळले होते. ही पद्धत आता सगळीकडे चालते. सुरुवातीला हजार-दोन हजार खरंच परत देतात, म्हणून माणूस फसतो. ते परत दिलेले पैसेसुद्धा आधी फसलेल्या दुसऱ्या कुणाचे असतात.

मी बसले होते तेव्हाच राधानगरीकडचे एक आजोबा नातवाबरोबर आले. पांढरी टोपी, हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. त्यांना ‘डिजिटल अरेस्ट’ केलं होतं. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, मुंबई पोलीस, सीबीआय, व्हिडिओ कॉलवर खाकीतला माणूस, मागे अशोकस्तंभ. दोन दिवस फोन बंद करू दिला नाही, घरच्यांना सांगू दिलं नाही. मग ‘चौकशीपुरते’ म्हणून साडेचार लाख आरटीजीएस करायला लावले. बँकेत कुणी विचारलंच तर जमीन घेतोय म्हणून सांगायचं, हेही पढवलेलं. बँकेतल्या माणसाने खरंच विचारलं होतं आणि आजोबांनी तसंच सांगितलं होतं.

हवालदारांनी आजोबांना एक शब्दही बोल लावला नाही. “बसा बाबा, पाणी घ्या,” म्हणाले आणि लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर फिरवला. मी जे ऐकलं ते सांगते, कारण ही वेळ कुणावरही येऊ शकते. पलीकडून विचारतात ते एवढंच: पैसे कुठल्या बँकेतून गेले, खाते क्रमांक, किती, कधी, आणि व्यवहाराचा क्रमांक. आरटीजीएसचा हा क्रमांक, म्हणजे यूटीआर, बावीस अक्षरांचा असतो. नातू स्लिपवरून एकेक अक्षर वाचत होता, हवालदार फोनवर ते पुन्हा म्हणत होते, आणि आजोबा प्रत्येक अक्षराला मान हलवत होते. मध्येच एका शून्यावरून घोळ झाला, तो शून्य आहे की ओ. हवालदारांनी चष्मा काढून स्लिप डोळ्यांजवळ धरली, मग मोबाईलवरचा बँकेचा एसएमएस शोधून खात्री केली. नंबर चुकला तर मागोवाच चुकतो. फोन संपला तसा नातवाच्या मोबाईलवर पोचपावती क्रमांक आला आणि चोवीस तासांच्या आत पोर्टलवर बाकीची तक्रार पूर्ण करायला सांगितलं. रडत बसण्यात, नातेवाईकांना विचारण्यात, बँक उघडायची वाट बघण्यात वेळ गेला की पैसा पुढच्या सरीत जातो. “काल दुपारी गेल्यात न्हवं. बघू किती घावतंय,” एवढंच हवालदार बोलले. खोटा दिलासा दिला नाही.

डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार कुठल्याही कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी हेच सांगितलं होतं. त्यानंतर फोनच्या कॉलर टोनवरही बराच काळ तेच वाजत होतं आणि आपण सगळे त्या टोनला वैतागत होतो. आजोबांनीही तो टोन ऐकला असणार. पण खाकीतला माणूस समोर दिसला की टोन आठवत नाही. म्हणून मी आत्याबाईंना आता एवढंच सांगून ठेवलंय: कुणीही ‘हे घरात कुणाला सांगू नका’ म्हणालं की पहिल्यांदा घरातच सांगायचं.

त्या दिवशी माझा राग अर्धा उतरला. आजोबांच्या पैशांसाठी हवालदार जे धावपळीनं करत होते, तेच त्या शिक्षिकेसाठी तिकडे कुणीतरी केलं होतं, आणि त्या साखळीच्या टोकाला आमचं खातं होतं. होल्ड लागलाच नसता तर तिचा एक रुपयाही सापडला नसता. उरलेला अर्धा राग मात्र मी अजून सोडलेला नाही. अठरा हजारांसाठी पावणेतीन लाख अडकवायचे, खातेदाराला कळवायचंही नाही आणि दाद मागायला दुसऱ्या राज्यात पाठवायचं, याला तपास म्हणत नाहीत.

मधल्या काळात आणखी एक जमात भेटली. खातं गोठल्याची बातमी यांना कुठून लागते देव जाणे. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: ‘अकाउंट अनफ्रीझ, शंभर टक्के काम, रकमेच्या तीस टक्के.’ मग एक फोन, हिंदीत. सायबर सेलमधून बोलतोय, तुमच्यावर गुन्हा दाखल होतोय, पंधरा हजार भरा म्हणजे नाव काढतो. मी विचारलं, तक्रारीचा पोचपावती क्रमांक सांगा. त्याने शिवी दिली आणि फोन ठेवला. तो कागद तिथंही कामाला आला. खरा अधिकारी सरकारी ईमेलवरून बोलतो, ज्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असतं. चौकशीला बोलवायचं तर नाव, हुद्दा, ठाणं आणि कलम लिहिलेली नोटीस देतो. पैसे भरायला तर कधीच सांगत नाही. शंका आली तर आलेल्या नंबरवर उलट फोन न करता त्या ठाण्याचा नंबर राज्य पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढून तिथं विचारायचं. मी तेच केलं, आणि तसाच खरा तपास अधिकारी फोनवर मिळाला.

त्यांचं हिंदी आणि माझं हिंदी, दोन्ही बेताचंच. पण माणूस ऐकून घेणारा होता. “मॅडम, माल सच में भेजा?” हा पहिला प्रश्न. होय म्हटल्यावर ‘सब मेल करो’. मी पाठवलं ते असं: बिल, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं पहिल्या ‘हॅलो’पासूनचं सगळं संभाषण, मापांची यादी, पार्सल बांधतानाचा फोटो, कुरिअरची पावती आणि माल पोचल्याची नोंद, खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, जीएसटी आणि उद्यम नोंदणी, आणि एका पानाचं पत्र. पत्रात रडगाणं नाही. तारीख, रक्कम, संदर्भ क्रमांक, काय विकलं, आणि शेवटी मागणी: वादातल्या रकमेवर लीन ठेवून उरलेलं खातं खुलं करण्याबाबत बँकेला कळवावं. आधारची प्रत दिली ती पहिले आठ आकडे झाकलेली, यूआयडीएआयच्या साईटवरून काढलेली, आणि तिच्यावर आडवं लिहिलं की ही प्रत फक्त याच तक्रारीसाठी आहे. स्वतःचं संरक्षण करता करता दुसरीकडे आपलीच कागदपत्रं उधळायची नसतात. ईमेलबरोबर एक संच स्पीड पोस्टनेही पाठवला.

त्यांना सगळ्यात जास्त रस होता कुरिअरच्या पत्त्यात. पैसे यूपीआयवर एका नावाने आले होते, माल घेतला होता दुसऱ्या नावाने, आणि सही तिसऱ्याचीच. गिऱ्हाईकाचा नंबर तोवर बंद झाला होता. बँकखाती भाड्याने मिळतात, सिम भाड्याने मिळतं, पण चपला घ्यायला कुणीतरी दारात यावं लागतं. साहेब म्हणाले, या केसमध्ये खरा पत्ता असलेला हा पहिलाच कागद. मामांना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. “मग? कोल्हापुरी हाय ती. माग सोडतीच.”

त्यानंतर मात्र शांतता. मेलला उत्तर नाही, फोन उचलला की ‘बंदोबस्त में हूँ’. दिवाळी त्यातच गेली. माझा मावसभाऊ वकील आहे, त्याला भेटले. तो म्हणाला, बँक खातं गोठवायचा पोलिसांचा अधिकार आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात तो कलम १०६ मध्ये आहे. खातं सोडवायचं तर तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे कलम ५०३ खाली अर्ज करता येतो, किंवा उच्च न्यायालयात रिट याचिका. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच खातेदारांच्या प्रकरणात बँकांना सांगितलं होतं की पोलिसांच्या पत्रात जेवढी रक्कम आहे तेवढ्यापुरतंच खातं गोठवा. तो निकाल इथं बंधनकारक नसला तरी दाखवायला चालतो. पूर्वी रिट म्हटलं की मुंबई, मुक्काम, वकिलाची फी, म्हणजे अठरा हजारांच्या भांडणाला चाळीस हजारांचा खर्च. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सीपीआर रुग्णालयासमोर सुरू झालंय, तेव्हा तो म्हणाला, “ताई, आता केएमटीच्या बसनं जाऊन रिट घालता येतंय.” चाळीस-बेचाळीस वर्षं इथल्या वकिलांनी कशासाठी आंदोलनं केली, ते मला त्या वाक्यात कळलं.

रिट घालावं लागलं नाही. मावसभावाने एक सल्ला दिला तो लागू पडला. राष्ट्रीय पोर्टलवर प्रत्येक राज्याच्या नोडल अधिकाऱ्याचं आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल दिलेलं असतं. त्या दोघांना प्रत टाकून मी जुन्याच मेलवर स्मरणपत्र पाठवलं, आणि बँकेच्या वरच्या तक्रार कक्षालाही. त्यात एकच प्रश्न विचारला: संपूर्ण खातं बंद ठेवण्याचा लेखी आदेश असेल तर त्याची प्रत द्यावी. कार्तिकी एकादशीनंतर दोन-चार दिवसांतच बँकेतून फोन आला. पत्र आलंय, १८,४०० वर लीन, बाकी खातं सुरू. ज्या मुलीने सुरुवातीला कागद लिहून दिला होता तिनेच फोन केला होता. तिला पुढच्या वेळी जाताना पेढे नेले.

दुकानात आता काही गोष्टी बदलल्या आहेत. क्यूआरचं खातं वेगळं, आणि रोज रात्री त्यातली रक्कम दुसऱ्या बँकेतल्या खात्यावर जाते, म्हणजे उद्या पुन्हा असं झालं तर एका दिवसाचा गल्ला अडकेल, वर्षाचा नाही. ऑनलाईन ऑर्डरीत पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि माल मागवणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर मी आधी विचारते. बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावरून बायको पाठवते, एवढंच निघतं, पण विचारल्याची नोंद राहते. जास्तीचे पैसे ‘चुकून’ आले आणि कुणी दुसऱ्याच नंबरवर परत मागितले, तर तसं करायचं नाही. बँकेला सांगून ज्या खात्यातून आले त्यातच परत पाठवायचे. आणि दुकानात कुणी ‘मी तीन हजार पाठवतो, चप्पल बाराशेची, बाकीची रोकड द्या’ म्हणालं, तर मामा स्वतः नाही म्हणतात. परवाच एका पर्यटकाला सांगत होते, “पावणं, कॅश पायजे तर एटीएम तिथं कोपऱ्यावर हाय. हितं फकस्त चपला मिळत्यात.” तो माणूस चांगला असेलही. पण चौथ्या सरीतून पाणी कुणाचं आहे ते दिसत नाही.

ते १८,४०० अजून लीनखालीच आहेत. ते कुणाचे, हा प्रश्न मला वाटतो तितका सोपा नाही. आम्ही माल दिलाय, कारागिरांना मजुरी दिलीय. आणि पैसे त्या शिक्षिकेच्या निवृत्तीच्या पुंजीतले आहेत. मावसभाऊ म्हणतो, तिने रक्कम परत मागायला अर्ज केला की न्यायालय आपलंही म्हणणं ऐकेल, तोवर बिल, कुरिअरची पावती आणि संभाषण यातलं काहीही पुसायचं नाही, फोन बदलला तरी. मामा म्हणतात, “दे सोडून, त्या बाईला तरी मिळू देत.” मी अजून सोडलेलं नाही. महिन्याच्या सुरुवातीला जुन्याच मेलवर एक ओळ लिहून पाठवते, दोन्ही अधिकाऱ्यांना प्रत टाकून. मागच्या खेपेला उत्तर आलं: तपास सुरू आहे, आणि तुमच्याकडे त्या गिऱ्हाईकाने पाठवलेल्या पायाच्या मापांचे फोटो असतील तर पाठवा.

होते. पाठवले.